ममताचा सायरन का वाजला नाही

१

लालसिंग राठोडच्या पांढऱ्या जीपची मागची काच फुटली होती. सीटभर काचेचे बारीक दाणे पसरले होते. सकाळी जिथे लाल कापडात बांधलेलं भलंमोठं बोचकं ठेवलं होतं, ती जागा रिकामी होती.

त्या बोचक्यात लालसिंगच्या आईचा, रुपीबाईंचा फेटिया होता. फेटिया म्हणजे बंजारा बायांचा घेरदार घागरा. सोबत कांचळी, म्हणजे चोळी, आणि डोक्यावर घ्यायची टुकरी. तिन्हींवर आरसे, कवड्या, घुंगरं आणि जुनी नाणी टाचलेली. पहिला टाका रुपीबाईंनी नवी नवरी म्हणून तांड्यावर आल्या तेव्हा घातला होता आणि शेवटचा गेल्या दिवाळीत, डोळ्यांत मोतीबिंदू उतरत असताना. आता सुईत दोरा ओवायलाही त्यांना सून लागायची. असा दुसरा फेटिया त्यांच्या हातून होणं नव्हतं.

महागावात त्या दिवशी तालुक्यातल्या बचत गटांचं प्रदर्शन भरलं होतं. चार वाजता परीक्षक येणार होते आणि कशिद्याचं एकच काम निवडून नागपूरला धाडणार होते. तोवर कोणाचा हात लागू नये म्हणून रुपीबाईंनी बोचकं गाडीतच ठेवायला लावलं होतं. गाडीला सायरन होता ना!

तो सायरन बसवला होता ममता गजभियेनं. महागावच्या फाट्यावर तिचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. आयटीआय पहिल्या नंबरानं पास होऊन तिनं ते थाटलं होतं, आणि आपल्या कामाविषयी ती चारचौघांत मान ताठ ठेवून बोलायची.

लालसिंगचा फोन आला तेव्हा ती एका ट्रॅक्टरच्या दिव्यांत गुंतली होती.

"ताई, गाडी फोडली. सामान गेलं. अन् तुमचा सायरन वाजलाच नाई!"

ममता हातातली पक्कड घेऊनच स्कूटीवर बसली. मैदानात शिरली तेव्हा मंडपात गाणी चालू होती. डावीकडचा मोठा स्पीकर दर ठोक्याला खुळखुळत होता. एरवी तिनं थांबून त्याचा पडदा तपासायला सांगितलं असतं. आज ती तशीच पुढे गेली.

गाडीभोवती घोळका होता. कोणीतरी ती ऐकेल अशा बेतानं म्हणालं, "बाईमानसाच्या हातची वायरिंग. दुसरं काय होनार?"

ममतानं तिकडे पाहिलंही नाही. तिनं बॉनेट उघडलं, बॅटरीजवळ बोट नेलं आणि वळून लालसिंगला विचारलं, "भाऊ, याच्यातला फ्यूज कुठी गेला?"

लालसिंगनं मान खाली घातली. शर्टाच्या खिशातून त्यानं फ्यूज काढून तिच्या तळहातावर ठेवला.

"मीच काढला, ताई. तुमचा सायरन सकाळपासून तीनदा उगाचच बोंबलला. साऱ्या मैदानात माही इज्जत गेली."

घोळका हसला. ममताच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चोरीच्या वेळी सायरन का गप्प राहिला, याचं उत्तर मिळालं होतं. पण ते उत्तर तिच्या दृष्टीनं चोरीहून वाईट होतं.

२

"गाडी लॉक करा," ती म्हणाली. फ्यूज तिनं जागेवर बसवला आणि दारावर मुठीनं एक ठोसा दिला.

कंपनीचा बारका हॉर्न पीं-पीं करू लागला, चारी कोपऱ्यांचे दिवे उघडझाप करू लागले आणि त्याच तालावर नवा सायरन गरजला. गरजायचा, थांबायचा, पुन्हा गरजायचा. मंडपातल्या बाया कानांवर हात ठेवून वळल्या. लालसिंगनं रिमोट दाबला आणि सगळं शांत झालं.

"आता चालला की बरोबर!" लालसिंग चक्रावून म्हणाला.

"चालनारच. मी बसवला हाय."

पण मग सकाळी तीनदा काय झालं? बाजूला लालसिंगचा ड्रायव्हर फुलचंद उभा होता. उमदा गडी, पण आज त्याचं तोंड उतरलं होतं. गाडी त्याच्या ताब्यात होती, जेवायला तोच गाडी सोडून गेला होता, आणि लोक आधीच त्याच्याकडे पाहून कुजबुजत होते.

"फुलचंदभाऊ, सकाळी तुम्ही इथीच होता ना? सायरन कसा वाजला ते सांगा. घाई नोका करू."

"कसा म्हंजे... वाजला, ताई. लांबच्या लांब. थांबेच ना."

"आता वाजला तसा? थांबून थांबून?"

फुलचंदनं आठवून पाहिलं. "नाई. एकसुरी. कापसाच्या जिनिंगचा भोंगा वाजते ना, तसा."

"दिवे उघडझाप करत होते?"

"नाई बा. दिवे तं लागलेच नाई."

"अन् कंपनीचा हॉर्न?"

"तो बी नाई. फक्त तुमचाच." मग त्याला आणखी काहीतरी सुचलं. "अन् ताई, भाऊनं रिमोट दाबदाब दाबला, तरी बंद होईना. म्हनून तं तिसऱ्या खेपेला फ्यूज काढला."

ममता बॉनेटला टेकून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू उतरला आणि तिथे वेगळंच काही आलं. गणित सुटायला लागलं की वर्गातल्या हुशार पोरीच्या चेहऱ्यावर येतं, तसं.

"लालसिंगभाऊ," ती म्हणाली, "तुमच्या गाडीचा अलार्म सकाळी एकदाही चुकीचा वाजला नाई. कारन तो वाजलाच नाई."

३

लालसिंगला काही कळेना. ममतानं त्याला जवळ बोलावून बोटानं दाखवलं.

"हे पाहा. आत डॅशबोर्डखाली अलार्मचा डबा हाय. त्याच्यातून ही बारीक तार येते. हिच्यात एवढ्या मोठ्या सायरनले वाजवाचा दम नाई. ही फक्त या काळ्या डबीले, रिलेले, इशारा करते. मग रिले बॅटरीचा करंट सायरनले सोडते. डब्यातून इशारा तुटत तुटत येते, म्हनून सायरन तुटक वाजते. दिवे, हॉर्न, सारं सोबतच. अन् रिमोट दाबला की डबा गप्प, म्हनून सायरन बी गप्प."

"मग सकाळी?"

"सकाळी डब्याले काही खबरच नव्हती. कोनीतरी मधातच ही बारीक तार गाडीच्या लोखंडाले टेकवली. टेकवून ठेवली, तोवर सायरन एकसुरी वाजला. तुमचा रिमोट डब्याशी बोलते. त्या मानसाशी थोडाच बोलनार?"

"पन तार टेकवली तं हॉर्न बी वाजाले पाह्यजे होता," फुलचंद म्हणाला. प्रश्न चांगला होता.

"वाजला असता. पन मी मधात डायोड टाकला हाय. इशारा तिकडून इकडं येते, इकडून तिकडं जात नाई. कोनी टाकत नाई, मी टाकतो." हे सांगताना तिनं मान किंचित वर केली.

मग ती गाडीपुढे मातीतच बसली आणि पुढच्या जाळीखालून हात आत घातला. सायरन आणि रिले तिनं जाळीमागेच बसवले होते. बोटांनी चाचपत ती बारीक तारेपाशी आली आणि थांबली. तिनं मोबाइलचा उजेड आत पाडला. तारेवरचं काळं आवरण एका जागी ब्लेडनं सोललेलं होतं. आत तांबं नव्या नाण्यासारखं चमकत होतं.

"हे माह्या हातचं नाई," ती हळूच म्हणाली.

लालसिंग एकदम फुलचंदवर धावून गेला. "तूच होता गाडीपाशी! दुसरं कोन करनार?"

फुलचंदचे डोळे भरून आले. "भाऊ, रुपीयाडीचा फेटिया मी चोरीन? माह्या लग्नात त्या मायनं मले हळद लावली!"

"थांबा," ममता मधे पडली. "फुलचंदभाऊनं केलं असतं तं दिवे लागले नाई, रिमोट चालला नाई, हे मले सांगतलं असतं? त्याईच्याच सांगन्यावरून मले कळलं." लालसिंगचा हात खाली आला.

तेवढ्यात घोळक्यातून वाट काढत संगीता आडे आली. शेजारच्याच तांड्यावरची, कशिद्यात रुपीबाईंच्या खालोखाल हिचंच नाव. लोक बाजूला झाले, पण नजरा तिच्यावर खिळल्या. रुपीबाईंचं काम नसेल तर नागपूरला कोणाचं जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"पाहून काय राह्यले माह्याकडं?" संगीता कडाडली. "मले जिंकाचं हाय. खोटं नाई बोलत. पन काकीचा फेटिया बाजूले मांडलेला असन, तवा जिंकाचं हाय!"

ममताला ती बाई आवडली. "ताई, दुपारी काही वेगळं दिसलं, आयकू आलं?"

"आयकू काय येते? जेवताना गानं एवढं मोठं लावलं का बाजूच्या बाईचं बोलनं समजेना. मीच आमच्या यायले निरोप धाडला, आवाज कमी करा. कमी कराचा तं अजून वाढवला."

"आमचे हे म्हणजे?"

"बाबूसिंग. साउंडवाले. माहे मालक." संगीता सहज पुढे म्हणाली, "सकाळी बी तेच होते माईकवर. सायरन पह्यल्यांदा वाजला तसे लगेच बोलले, 'लालसिंगभाऊ, तुमची गाडी वाजून राह्यली, लौकर या.'"

"लगेच?" ममतानं विचारलं.

"लगेच."

ममता मंडपाकडे चालू लागली.

४

बाबूसिंग आडेचं टेबल मंडपाच्या पार पलीकडच्या अंगाला होतं. मधे स्टॉलच्या पत्र्यांची उंच भिंत. ममता टेबलामागे जाऊन त्याच्या खुर्चीशेजारी उभी राहिली आणि गाड्यांच्या दिशेनं पाहिलं. पत्रे दिसले. गाडीचं टपसुद्धा दिसलं नाही.

बाबूसिंग हसऱ्या चेहऱ्याचा, गोड बोलणारा माणूस. ममताचं दुकान निघण्याआधी लालसिंगच्या गाडीचं टेप-दिव्यांचं काम तोच करायचा.

"या ममताताई. वाईट झालं. नवीन काम असलं का होते असं कधी कधी. मनाले लावून घेऊ नोका."

"नाई घेत. भाऊ, सायरन वाजला तवा तुम्ही कुठी होता?"

"मी?" तो हसला. "माईकवर! साऱ्या मैदानानं माहा आवाज आयकला. एवढा पक्का साक्षीदार कोनाजवळ असन?"

"तीनही वेळा?"

"तीनही वेळा."

"अन् जेवनाच्या वेळी?"

"जेवनात कोन बोलते माईकवर? गानं लावून देल्लं."

ममतानं टेबलावर नजर फिरवली. वायरींचा गुंता, आवाजाच्या खुंट्या. कडेला दाराच्या घंटीचं एक पांढरं बटण पडलं होतं. त्याला लाल-काळ्या जोडवायरीचा टीचभर तुकडा लोंबत होता, टोकाला ताजाच कापलेला. मंडपात घंटीचं काय काम?

टेबलावरून निघालेली जाड वायर पत्र्यांच्या कडेनं गाड्यांकडच्या भोंग्याच्या खांबाकडे गेली होती. लालसिंगची जीप त्या खांबाला जवळजवळ टेकूनच उभी होती. त्या जाड वायरीसोबत एखादी बारीक जोडवायर गेली असती, तर कोणाच्या डोळ्यावर आली असती?

गाणं चालूच होतं. डाव्या हाताचा मोठा स्पीकर अजूनही ठोक्याबरोबर खुळखुळत होता. ममता आता कान देऊन ऐकू लागली. पडदा फाटला की स्पीकर खरखरतो. हा खरखरत नव्हता. याचा आवाज दाबल्यासारखा, पोटात काहीतरी कोंबल्यासारखा येत होता, आणि त्यामागून येत होती ती खरखर नव्हतीच. ती छुनछुन होती.



"फुलचंदभाऊ," तिनं हाक मारली, "रुपीमावशीले बोलवा. संगीताताईले बी. साऱ्यायले बोलवा."

५

सगळे जमले. रुपीबाई सुनेच्या खांद्यावर हात ठेवून आल्या. काळीसावळी, उंच, कपाळावर गोंदण, आणि एवढं होऊनही पाठीचा कणा सरळ. त्या रडल्या नव्हत्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

"मावशी," ममता म्हणाली, "चोराले तुमचं बोचकं न्याचं होतं. पन गाडीले दोन आवाज होते. कंपनीचा हॉर्न बारका, तो गान्यात बुडवता येते. माहा सायरन बुडत नाई. साऱ्या महागावले आयकू जाते. म्हनून आधी त्याले गप्प करनं भाग होतं. ते बी कोनाच्या हातानं? खुद्द मालकाच्या. तीनदा उगाच वाजवला, लालसिंगभाऊ वैतागले अन् फ्यूज काढून बसले. चोराचं अर्धं काम झालं."

लालसिंगनं कपाळावर हात मारला.

"मग जेवनाची वेळ. सारे तिकडच्या मंडपात. गानं मोठ्यानं, काच फुटली, हॉर्न ओरडला, कोनाले आयकू गेलं नाई. आता सांगा, सायरन वाजवनारा कोन? तार सोलाले वायरिंगची समज पाह्यजे. खांबावर भोंगा बांधताना ज्याचा हात गाडीपाशी गेला तरी कोनी विचारलं नाई, असा मानूस पाह्यजे. अन् जेवनात गानं कमी-जास्त कराचं ज्याच्या हातात होतं, असा."

"मी माईकवर होतो!" बाबूसिंग ओरडला. गोडवा आता आवाजात उरला नव्हता.

"होताच. अन् माईकवरून तुम्ही म्हनाले, लालसिंगभाऊ, तुमची गाडी वाजून राह्यली." ममता त्याच्याकडे वळली. "इथून पत्र्यापलीकडचं दिसत नाई. तिकडं गाड्यायची रांग हाय. सायरन मी परवाच बसवला, त्याचा आवाज तुम्ही जन्मात आयकला नव्हता. मग पह्यल्याच खेपेला, पाह्यल्याबिगर, कोनाची गाडी ते कसं कळलं तुमाले?"

साऱ्यांच्या नजरा बाबूसिंगकडे वळल्या. 

"दोन तारा अन् एक बटन," ममतानं ते पांढरं बटण उचलून सगळ्यांना दाखवलं. "एक तार माह्या तारेले, दुसरी गाडीच्या लोखंडाले. एका हातात माईक, दुसऱ्या हाताखाली बटन. म्हनून साक्षीदार पक्का होता. पन तो फक्त सायरनचा साक्षीदार. काच फुटली तवा माईकवर कोनीच नव्हतं."

"अन् माहा फेटिया?" रुपीबाईंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

ममतानं टेबलावर हात नेला. गाण्याचा आवाज तिनं शेवटपर्यंत वाढवला आणि उजवा स्पीकर बंद केला.

ढोल कडाडला. डावा स्पीकर थरारला आणि त्याच्या पोटातून, एकेका ठोक्याबरोबर, घुंगरं वाजू लागली.

रुपीबाईंनी डोळे मिटले. "माहेच हाय," त्या म्हणाल्या. "कमरपट्ट्याचे. माह्या मायनं देल्ले होते."

फुलचंद धावला. स्पीकरची मागची फळी उघडली आणि लाल बोचकं दोन्ही हातांत, लेकरासारखं धरून घेऊन आला.

६

संगीता नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. सगळ्यांना वाटलं ती त्याला पाठीशी घालेल, किंवा रडेल.

"काहून केलं?" तिनं विचारलं.

"तुह्यासाठीच," बाबूसिंग जमिनीकडे पाहत पुटपुटला. "दरसाली तू दुसरी येते. घरी येऊन बोलत नाई, जेवत नाई. आज संध्याकाळ झाली का परत ठेवूनच देनार होतो. लालसिंगची जिरन, हिचं दुकान बी..." तो ममताकडे पाहून थांबला.

"मी जेवत नाई ते हरली म्हनून नाई," संगीता म्हणाली. "काकीच्या टाक्यावानी टाका माह्या हातून काहून निघत नाई, ते शोधत असतो म्हनून. तुमाले एवढ्या वर्सात समजलं नाई!" आणि ती परीक्षकांच्या टेबलाकडे निघाली, आपलं नाव मागे घ्यायला.

रुपीबाईंनी तिचा हात धरला. "कुठी चालली? मांड तुहं काम. माह्या बाजूले मांड. एकटीनं जिंकून काय चव?"

चार वाजता परीक्षक आले तेव्हा दोघींची टेबलं शेजारी होती. रुपीबाईंचा फेटिया मात्र टेबलावर नव्हता. तो त्यांनी अंगावर घातला होता. त्या मंडपाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या तेव्हा आरशांची तिरीप पत्र्यांवर, लोकांच्या तोंडांवर पडत गेली. परीक्षक बाईंनी कागद खाली ठेवला आणि त्या नुसत्याच पाहत राहिल्या. नागपूरला काय जाणार, याचा निकाल त्यांनी उभ्यानंच दिला. संगीतानं सगळ्यांत आधी टाळी वाजवली.

लालसिंगला पोलीस बोलवायचे होते. "बोलव," रुपीबाई म्हणाल्या. "तुही गाडी फुटली, तुहा हक हाय. पन आधी याचं एक काम बाकी हाय." त्यांनी बाबूसिंगकडे बोट केलं. "माईक घे."

बाबूसिंगनं माईक घेतला. 

"सांग, हे कोनाचं काम ते."

"हे... हे काम रुपीबाई राठोड यायच्या हातचं हाय," भोंग्यांतून आवाज गेला. "एकटीच्या हातचं."

"अन् गाडीचा सायरन?"

त्यानं माईक खाली करायला घेतला. रुपीबाई हलल्या नाहीत.

"गाडीच्या सायरनात काहीच खोट नव्हती," तो म्हणाला. "ते काम ममता गजभिये यायचं. एक नंबर काम हाय."

खांबाखांबावरच्या भोंग्यांनी ते नाव उचललं आणि बाजार समितीच्या शेडवरून, बसस्टँडवरून, फाट्यावरच्या दुकानांपर्यंत नेलं. ममतानं ते उभं राहून, पुरतं ऐकून घेतलं. मग पदराला हात पुसले आणि सोललेल्या तारेला नवं आवरण चढवायला ती जीपकडे गेली. बॉनेटपाशी दोन गाडीवाले आधीच तिची वाट पाहत उभे होते.